गमरेंचा आवाज

भगवान गमरे लग्नात माईक घेत नाहीत. माईक समोर असतो, डेकोरेशनवाल्याने त्यात दोनदा 'हॅलो, चेक' करून ठेवलेलं असतं. पण गमरे स्टेजवर येतात, पांढऱ्या सदऱ्याची कॉलर सारखी करतात आणि एका बोटाने माईकची मान बाजूला वळवतात. मग त्यांच्या छातीतून जो आवाज निघतो, तो शेवटच्या रांगेत खुर्चीवर पाय टाकून मोबाइल बघणाऱ्या पोरांनाही सरळ बसवतो. आचारी जेवणाच्या मंडपात झारा थांबवतो. एकदा नेरूळच्या एका हॉलमध्ये शेजारच्या हॉलमधल्या साखरपुड्याची माणसं उभी राहिली होती, आपल्याकडेच काहीतरी सुरू झालं असं समजून.

गमरे मूळचे गुहागर तालुक्यातले. तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. पण ती झाली नोकरी. माणसं त्यांना ओळखतात ती बौद्धाचार्य म्हणून. जुईनगर ते उलवे या पट्ट्यात त्यांनी ज्यांची लग्नं लावली, त्यांच्या पोरांची नामकरणं केली, नव्या फ्लॅटमध्ये पहिली वंदना घेतली आणि त्यांच्या बापांना शेवटचा निरोपही दिला. काही घरांत तर गमरे आले म्हटल्यावर लहान पोरं आधी विचारतात, "आज चांगलं आहे की वाईट?"

वय चौऱ्याहत्तर. गुडघे साधारण, डोळे ऑपरेशन केलेले, आवाज पंचवीस वर्षांचा.

आजार आला तो चोरासारखा नाही, पाहुण्यासारखा आला. आधी थोडा वेळ बसला, मग मुक्कामच ठोकला. लग्न लावता लावता त्यांना मध्येच लघवीला जावंसं वाटू लागलं. वधूवरांच्या प्रतिज्ञा ते सावकाश, एकेक शब्द मोकळा करून म्हणवून घेत असत. त्या भराभरा उरकू लागल्या. गिरजाबाई, त्यांच्या पत्नी, पहिल्या रांगेत बसतात. त्यांनी घरी येऊन विचारलं, "आज काय गाडी पकडायची होती का?"

सून शर्मिला त्यांना नेरूळच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. रक्त तपासलं, मग एमआरआय, मग तुकडा काढून तपासला. प्रोस्टेटचा कॅन्सर. हाडांत गेला नव्हता, पण स्वभावाने तापट होता. गमरेंनी डॉक्टरचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. इतक्या मयतांना उभा राहिलेला माणूस. 'सर्व संस्कार अनित्य आहेत' हे वाक्य आयुष्यभर दुसऱ्यांना समजावून सांगितलेलं. घरी येऊन त्यांनी पंखा लावला, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दुसऱ्याला सांगायला बरं असतं ते."

उपचार ठरले. आधी इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी एक, दोन वर्षांत आठ. आणि मध्ये अठ्ठावीस दिवस रेडिएशन, ज्याला तिथे सगळे 'लाईट' म्हणतात. लाईट पार पडली. उरली इंजेक्शनं. बेंबीखाली जाड सुई टोचून कातडीच्या आत तांदळाच्या दाण्याएवढं औषध ठेवतात आणि ते तीन महिने हळूहळू विरघळत राहतं. हा आजार पुरुषाच्या अंगातल्या रसावर पोसतो, तर तो रसच बंद करायचा, असा त्यातला हिशेब.

रस बंद झाला आणि गमरेंना घाम फुटू लागला. बसल्या बसल्या छातीपासून कानापर्यंत गरम वाफ चढायची. फेब्रुवारीच्या गारव्यात ते बनियन काढून पंख्याखाली उभे राहायचे. गिरजाबाई एकोणसत्तर वर्षांच्या. वीसेक वर्षांपूर्वी, पाळी जाताना, त्यांना हेच झालं होतं, आणि तेव्हा गमरे शाल पांघरून म्हणाले होते, "वातावरण ठीक आहे. तुझंच काहीतरी."

आता गिरजाबाई शाल पांघरून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "वातावरण ठीक हाय. तुमचंच कायतरी."

"किती वर्षं जपून ठेवलं होतंस हे?"

"जपावं लागत नाय. आपोआप राहतं."

छातीवरचे केस विरळ झाले. पोट सुटलं. टीव्हीवर घरकर्जाच्या जाहिरातीत एक बाप मुलीच्या हातात किल्ली ठेवतो, तिथे गमरे रडले. दुसऱ्यांदा तीच जाहिरात लागली तर आधीच रुमाल घेऊन बसले. नात मैत्री कॉलेजात आहे. ती म्हणाली, "आबा, चॅनल बदलू?" तर म्हणाले, "राहू दे, चांगली आहे." हे सगळं त्यांनी सहन केलं, खरं तर थोडं मजेतही घेतलं. रक्तातला पीएसए अडतीस होता, तो एकाच्याही खाली आला होता. बाकी काय हवं?

मग नेरूळला ते नामकरण झालं.

सकाळची वेळ, घरातलाच कार्यक्रम, तीसेक माणसं. गमरेंनी त्रिसरण सुरू केलं. दोन ओळी नीट गेल्या आणि तिसऱ्या ओळीला आवाज फाटला. जुनं धोतर फाटावं तसा, मध्येच, आवाज करत. ते थांबले, खाकरले, परत सुरू केलं. परत तेच. एक बारीक, चिरका सूर निघाला. त्यांच्या घशात असलं काही राहतं हे त्यांना माहीतच नव्हतं. पाळण्यातलं पोर दचकून त्यांच्याकडे बघू लागलं. शेवटी बरोबर आलेल्या अंकुशने पुढचं म्हटलं.

अंकुश कासारे उलव्याला राहतो. वय पंचेचाळीस, बंदरात क्लार्क, आणि गमरेंच्या हाताखाली तयार झालेला बौद्धाचार्य. माणूस सरळ. परत येताना रिक्षात तो बराच वेळ चुळबुळला आणि मग म्हणाला, "दादा, राग नका मानू. माझ्या साडूच्या वडिलांना पण हीच इंजेक्शनं होती."

"मग?"

"ते पुरुषपण कमी करतात ना औषधाने. आवाज बारीक होतो म्हणे. बायकी."

"त्यांचा झाला?"

"ते तसे पण बोलायचे नाहीत फार. पण लोक म्हणतात." मग जरा थांबून, अगदी काळजीने, "उलव्याचं लग्न मी लावू का? बाबासो काकांना मी समजावतो. तुम्ही फक्त आशीर्वाद द्या."

बाबासो कांबळे हा गमरेंचा कारखान्यातला सोबती. हातकणंगल्याकडचा, तीस वर्षं शेजारच्या टेबलावर. त्याचा नातू विश्वजित याचं लग्न पुढच्या रविवारी उलव्याला होतं, आणि बाबासोने सहा महिने आधीच सांगून ठेवलं होतं की लेका, माझ्या घरचं लग्न तुझ्याच तोंडून लागायचं. गमरे अंकुशला काहीच बोलले नाहीत. रिक्षावाल्याला मात्र विनाकारण म्हणाले, "सरळ चालव."

चौथं इंजेक्शन त्याआधीच्या मंगळवारी होतं.

डॉक्टरांना विचारायचं, हा साधा मार्ग होता. पण डॉक्टर म्हणजे डॉक्टर बतूल. मैत्रीपेक्षा आठदहा वर्षांनी मोठी असेल, उरणकडची मुलगी, गोड बोलणारी, 'काका, काही त्रास?' विचारणारी. तिला काय सांगायचं? की बाई, माझं पुरुषपण किती उरलंय ते बघून सांग? तीन वेळा ती विचारत राहिली आणि तीन वेळा गमरे 'मस्त' म्हणाले होते. हजार माणसांसमोर बोलणाऱ्या माणसाला एका मुलीसमोर एक प्रश्न विचारता येईना.

मंगळवारी शर्मिला रजा टाकून यायला निघाली, तर म्हणाले, "मी काय कुकुलं बाळ आहे? एकटा जातो." बसमध्ये बसले. नेरूळला उतरायचं होतं. स्टॉप आला, बस थांबली, दार उघडलं, बंद झालं. गमरे बसूनच राहिले. सीवूड्सला उतरले आणि मॉलमध्ये शिरले, कारण वाफ चढली होती आणि तिथे एसी होता. दोन तास बाकावर बसले. समोरून माणसं पिशव्या घेऊन जात होती. त्यांनी मनाशी ठरवलं की आधी रविवारचं लग्न होऊ द्यावं. मग आठवलं की पुढच्या महिन्यात दोन लग्नं आहेत. मग मे महिना. मग असंही वाटलं की पीएसए तर खाली आलाच आहे, म्हणजे आजार गेल्यातच जमा. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला फार हुशार साथीदार मिळतो.

एक सॉफ्टी खाल्ली आणि एकच्या सुमाराला घरी आले.

"घेतलं?" गिरजाबाईंनी विचारलं.

"घेतलं."

गिरजाबाईंनी फ्रिजमधून बर्फ काढला, रुमालात गुंडाळला. हा त्यांचा नेम होता. सुई जाड, त्यामुळे दरवेळी त्या जागी हरभऱ्याएवढा काळानिळा डाग पडायचा. त्या तो शेकून द्यायच्या. "कुठल्या अंगाला?"

"डावीकडे."

"मागच्या खेपेला डावीकडे झालं. ती पोरगी आलटून पालटून देते."

"मग उजवीकडे."

"मग म्हणजे?" गिरजाबाईंनी बनियन वर केलं. डावीकडे काही नव्हतं. उजवीकडे काही नव्हतं. गोरंगोमटं, वाटोळं, निर्दोष पोट.

गिरजाबाईंनी बनियन खाली ओढलं.

"कुठे होतात?"

"सीवूड्सला. मॉलमध्ये."

"काय केलंत?"

"सॉफ्टी खाल्ली."

गिरजाबाई बर्फाचा रुमाल ताटलीत ठेवून समोर बसल्या. त्या ओरडल्या नाहीत, म्हणून गमरेंना सगळं सांगावं लागलं. फाटलेला सूर, अंकुशच्या साडूचे वडील, उलव्याचं लग्न.

"आवाजासाठी?" त्या म्हणाल्या. "जीव ठेवला बाजूला, आणि आवाजासाठी?"

"माझ्याकडे दुसरं आहे काय?" गमरे म्हणाले. "आमचा बाप गावात हाळी द्यायचा. खोताचा निरोप, सरकारचा निरोप. कुणाचं ढोर हरवलं, कुणाकडे मयत झालं, सगळं बापाने ओरडून सांगायचं आणि बदल्यात शिळं आणायचं. हाच आवाज, गिरजा. बापाने तो दुसऱ्यांच्या निरोपांसाठी वापरला. मी आपल्या माणसांची लग्नं लावली त्याने. तो बारीक झाला तर मी कोण? एक पोट सुटलेला म्हातारा, जाहिरात बघून रडणारा."

गिरजाबाईंना हे माहीत होतं, पण असं सलग कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "मामंजी कितव्या वर्षी गेले?"

"साठाव्या."

"आवाज इथंच ठेवून गेले काय?"

गमरेंनी ताटलीतला रुमाल उचलून परत ठेवला.

"माणूस गेला की आवाज पण जातो. मागं राहत नाय. उद्या सकाळी डॉक्टरकडे चला. मी येते. तुमचं तोंड उघडत नसेल तर माझं हाय."

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये खुर्चीवर बसायच्या आतच गिरजाबाईंनी विचारून टाकलं. "बाई, ह्या इंजेक्शनाने ह्यांचा आवाज बायकी होणार काय? ह्यांनी त्या भीतीने काल दांडी मारली."

गमरेंनी भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राचा फार बारकाईने अभ्यास सुरू केला.

डॉक्टर बतूल हसली नाही. तिने पेन खाली ठेवलं. "काका, तुमचा आवाज फुटला कितव्या वर्षी?"

"चौदा. पंधरा असेल."

"तेव्हा घशातली पेटी मोठी झाली. झाली ती झाली. पिल्लू एकदा अंड्यातून बाहेर आलं की परत आत जातं का? इंजेक्शनाने घाम येतो, हाडं ठिसूळ होतात, वजन वाढतं, मन हळवं होतं. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं होतं. पण मोठ्या माणसाचा आवाज त्याने परत पोरासारखा होत नाही."

"पण फाटला ना," गमरे चित्राकडे बघतच म्हणाले. "नामकरणात. तीस माणसांसमोर."

"त्या दिवशी पाणी किती प्यायला होतात?"

गमरेंनी मान वळवली. "पाणी?"

"सकाळपासून."

"कार्यक्रम असला की मी पीत नाही."

"का?"

"मध्येच जायला लागलं तर? नवरानवरी हार घेऊन उभी, आणि मी..." ते थांबले.

"म्हणजे कोरडा घसा घेऊन, माईक न घेता, एवढ्या मोठ्याने," डॉक्टर म्हणाली. "आणि आदल्या दिवशी?"

"आदल्या दिवशी एक अंत्यविधी होता," गिरजाबाई म्हणाल्या. "रस्त्याला लागून. ट्रकचे हॉर्न चालू आणि हे त्यांच्या वरताण."

आता मात्र डॉक्टर हसली. घशात बॅटरी मारून बघितलं, कानघशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा म्हणून चिठ्ठीही लिहिली. मग खुर्ची पुढे ओढून ती जरा वेगळ्या आवाजात बोलली. "काका, पीएसए खाली आहे तो या इंजेक्शनामुळे. मध्येच सोडलं की आत जे निजलंय ते जागं व्हायला वाट मिळते. एका दिवसाने बिघडलं नाही. पण तुम्ही एकाच दिवसावर थांबणार नव्हतात, हो ना?"

"नव्हतो," गमरे म्हणाले. खोटं बोलण्यातली मजा गेली होती. मग त्यांनी स्वतःहून विचारलं, दहा महिन्यांत पहिल्यांदा. "किती जगेन मी?"

"तारीख नाही सांगता येत. पण वेळेत सापडला, उपचार पुरे केले, तर तुमच्या वयाचे पुष्कळ जण या आजाराबरोबर वर्षानुवर्षं राहतात आणि शेवटी दुसऱ्याच कशाने तरी जातात."

"दुसऱ्याच कशाने तरी," गमरेंनी वाक्य घोळवून बघितलं. "मयताच्या भाषणात चांगलं बसेल हे."

"आधी झोपा," डॉक्टर म्हणाली. "आज उजवीकडे."

रविवारी उलव्याच्या हॉलमध्ये अडीचशे माणसं होती. पांढरी साडी नेसलेली नवरी, पांढऱ्या कुर्त्यातला विश्वजित, आणि पहिल्या रांगेत कडक इस्त्रीचा बाबासो. अंकुश स्टेजच्या कडेला उभा होता, गरज पडली तर म्हणून. गमरेंनी येताना बाटली संपवली होती आणि हॉलमध्ये आणखी एक. उभे राहिले. कॉलर सारखी केली. माईककडे बघितलं, आणि अंकुशचा जीव भांड्यात पडावा म्हणून तो जवळ ओढला. मग सवयीने परत बाजूला सारला.

पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओळीला ते नकळत जरा सावध झाले, पण आवाज तसाच भरलेला, तळातून येणारा. हॉल त्यांच्या मागे म्हणू लागला. अंकुशने डोळे मिटले. खरखर होती थोडी, चौऱ्याहत्तर वर्षांची. ती कुणी मोजली नाही.

पंचशील झालं. नवरानवरीच्या हातात हार आले. आणि तेव्हा दोन बाटल्यांनी आपलं काम केलं. गमरेंनी पायाचा भार बदलला. पुढे सगळ्या प्रतिज्ञा होत्या, वराच्या दहा, वधूच्या दहा. भराभरा उरकता आल्या असत्या. त्यांनी हातातला कागद बघितला, विश्वजितकडे बघितलं, आणि मग त्याच आवाजात, माईकशिवाय, अडीचशे माणसांना सांगितलं, "पाच मिनिटं थांबावं लागेल. मला लघवीला जायचंय. माझ्यावर प्रोस्टेटच्या कॅन्सरचे उपचार चालू आहेत, त्यात असं होतं. हार धरून ठेवा, आलोच."

 मग मागच्या बाजूला कुणीतरी टाळी वाजवली, का ते त्यालाही माहीत नसावं, आणि हसू पसरत पुढे आलं. गिरजाबाईंनी पदर तोंडावर घेतला. नवरीसुद्धा हसली.

गमरे मुतारीत पोचले आणि लक्षात आलं की आपण एकटे नाही. मागे पावलं होती. एक टोपीवाला, एक काठीवाला, दोन सफारीवाले, सगळे साठीच्या पुढचे. जणू कुणीतरी परवानगी दिली होती. शेजारी येऊन उभा राहिला तो बाबासो.

"भगवान," बाबासो भिंतीकडे बघत कुजबुजला, "मला बी तासातासाला यायला लागतंय. वरीस झालं. घरात कुणाला बोललो न्हाई."

"जळजळ?"

"हळू बोल की लेका! न्हाई. सुरूच हुत न्हाई धड."

"रक्त तपासलंस?"

"कशाला? म्हातारपण म्हणायचं आन् सोडायचं."

गमरेंना हळू बोलता येत नाही. कधीच आलं नव्हतं. "म्हातारपण वेगळं आणि प्रोस्टेट वेगळं!" ते म्हणाले, आणि टाइल्स घुमल्या. "दर वेळी कॅन्सर असतो असं नाही. पण बघायला नको? साधी रक्ताची तपासणी आहे, बाबासो! मंगळवारी माझ्याबरोबर नेरूळला चल!"

"आरं, ऐकत्यात सगळी!"

"ऐकू देत! तुम्ही पण, हो, तुम्ही सफारी! तपासलंय का?"

सफारीवाल्याने चेन ओढली आणि मान हलवली, नाही म्हणून.

"मग मंगळवारी दहा वाजता! बसस्टॉपवर! आणि डॉक्टर मुलगी आहे, लाजू नका, विचारेल त्याचं सरळ उत्तर द्या!"

स्टेजवर विश्वजित आणि त्याची नवरी हार धरून उभी होती, आणि भिंतीपलीकडून प्रत्येक शब्द त्यांना स्वच्छ ऐकू येत होता.